पेंढ्यातलं सिमेंट, बाटलीतलं मीठ

कवितेच्या माणसाने रसायनशास्त्रावर बोलायला बसावं, हे जरा धाडसाचंच. मी बी. ए. झालेला. प्रयोगशाळेशी माझा संबंध आला तो शाळेत परीक्षानळ्या फोडण्यापुरता. पण आजच्या विषयाकडे मला एका कात्रणाने नेलं.

१९८८ साली माझी पहिली कविता एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत छापून आली. ते कात्रण अम्मीने कपड्यांच्या पेटीत, ओढणीच्या घडीत जपून ठेवलं होतं. मध्यंतरी पालघरच्या घरी पेटी उघडली, तर कागद हळदीसारखा पिवळा झालेला. उचलायला गेलो तर घडीवर मोडून दोन तुकडे झाले. त्याच पेटीत पणजोबांच्या काळचा जमिनीचा एक दस्त होता, हातकागदावर मोडीत लिहिलेला. वय शंभराच्या पुढे. तो मात्र अजून घडी घालावा तसा वळत होता, आणि रंगही थोडासाच उतरला होता.

माझा भाचा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रयोगशाळेत काम करतो. त्याने दोन्ही कागद उजेडात धरले आणि म्हणाला, "मामू, यात तुमच्या कवितेचा दोष नाही. हा दोष लिग्निनचा आहे."

हे लिग्निन काय प्रकरण आहे, ते त्या दिवसापासून मी समजून घेतो आहे. जे समजलं ते तुम्हाला सांगतो.

डहाणू-जव्हारकडे वारली घराची भिंत तुम्ही पाहिली असेल. कारवीच्या काठ्या उभ्या करून बांधतात, त्यावर शेणमातीचा लेप देतात, आणि मग तांदळाच्या पिठाने त्यावर चित्रं उमटतात. झाडाच्या किंवा गवताच्या पेशीची भिंतही साधारण अशीच असते. सेल्युलोजचे लांब धागे म्हणजे कारवीच्या काठ्या. हेमिसेल्युलोज नावाचा दुसरा पदार्थ म्हणजे त्या काठ्या एकमेकींना बांधणारे बंद. आणि या सगळ्यावर बसलेला, सगळ्यांना घट्ट धरणारा लेप म्हणजे लिग्निन. ते आहे म्हणून साग उभा राहतो आणि भाताची काडी वाऱ्यात लवते पण मोडत नाही. लाकडात वजनाने २० ते ३० टक्के लिग्निन असतं, भाताच्या पेंढ्यात त्याहून कमी. गाय पेंढा खाते तेव्हा तिच्या पोटातले जंतू सेल्युलोज पचवतात, लिग्निन मात्र बहुतांशी शेणातून बाहेर पडतं. इतका तो चिवट पदार्थ.

त्याचं नाव १८१३ सालचं. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी ते लाकडासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून घेतलं. पुढे १८३८ मध्ये पायेन या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने लाकडावर रसायनांचे प्रयोग करून त्यातला धाग्याचा भाग वेगळा काढला. तेच सेल्युलोज. म्हणजे शास्त्राने या दोघांची ओळख करून दिली तीच मुळी त्यांना एकमेकांपासून तोडून.

पण शास्त्राने नाव देण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस हे काम करत होता. आपल्याकडे ते कागजी मंडळींच्या हातात होतं. दौलताबादजवळचं कागजीपुरा, जुन्नर, पुण्यात कसबा पेठेतला कागदीपुरा ही नावं आजही त्याची साक्ष देतात. पेशव्यांच्या दफ्तरात जुन्नरी आणि दौलताबादी कागद वापरला जाई. कागजी लोक झाड तोडून कागद करत नसत. जुने गोणपाट, तागाचे दोर, चिंध्या, कोळ्यांनी टाकून दिलेली फाटकी जाळी हा त्यांचा कच्चा माल. ते चुन्याच्या पाण्यात मुरवायचं, पायाने चालवायच्या जड घणाखाली कुटायचं, नदीवर नेऊन धुवायचं, पुन्हा चुन्यात घालायचं. असं कितीतरी वेळा. मग हौदातला तो लगदा गवताच्या चाळणीवर उचलायचा, भिंतीवर वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा.

कागज्यांनी लिग्निन हा शब्द ऐकलेला नव्हता. पण कापसात ते जवळजवळ नसतं, तागाच्या धाग्यात थोडंच असतं, आणि जे असेल त्यातलं बरंचसं चुना आणि नदी मिळून काढून टाकत. पणजोबांचा दस्त टिकला तो यामुळे.

युरोपातही कागद चिंध्यांचाच व्हायचा. एकोणिसाव्या शतकात वर्तमानपत्रं वाढली आणि चिंध्या पुरेनात. १८४० च्या दशकात जर्मनीतल्या केलर यांनी लाकूड दगडावर घासून त्याचा लगदा करायची युक्ती काढली. कागद स्वस्त झाला. वर्तमानपत्र सामान्य माणसाच्या हातात आलं ते या युक्तीमुळे. पण घासलेल्या लाकडात लिग्निन तसंच राहतं. ऊन आणि हवा लागली की ते रंग बदलतं आणि कागद पिवळा पडतो. माझी कविता अशाच कागदावर छापली होती.

मग लिग्निन विरघळवून काढायच्या वाटा शोधल्या गेल्या. १८५० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉस्टिक सोडा वापरून पाहिला. १८६७ मध्ये अमेरिकेतल्या टिल्घमन यांनी गंधकाच्या आम्लाचा मार्ग काढला. आणि १८७९ च्या सुमारास डान्झिग शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कमध्ये, कार्ल डाल यांनी कॉस्टिकबरोबर सोडियम सल्फाइड घालून लाकूड शिजवलं. निघालेला लगदा इतका मजबूत होता की या पद्धतीला 'क्राफ्ट' हे नाव पडलं. जर्मन भाषेत क्राफ्ट म्हणजे ताकद. जगातला बराचसा रासायनिक लगदा आजही याच पद्धतीने होतो. आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरला बांबूपासून कागद करणारी मोठी गिरणी उभी राहिली. १९४५ साली कंपनी स्थापन झाली तेव्हा तिच्या नावात 'पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स' असे शब्द होते. म्हणजे पेंढ्याचा पुठ्ठा नावातच होता.

क्राफ्ट पद्धतीत लाकूड शिजवल्यावर खाली जो काळा, दाट द्रव उरतो त्याला कागद गिरणीत 'ब्लॅक लिकर' म्हणतात. विरघळलेलं लिग्निन आणि वापरलेलं सगळं रसायन त्यात असतं. सुरुवातीला हे काळं पाणी ही मोठीच अडचण होती. १९३० च्या दशकात कॅनडात टॉमलिन्सन यांनी एक खास भट्टी बनवली. काळं पाणी आटवून त्यात जाळायचं, लिग्निनच्या जळण्यातून वाफ आणि वीज मिळवायची, आणि भट्टीच्या तळाशी उरलेलं रसायन पुन्हा कामाला घ्यायचं. क्राफ्ट पद्धत जगभर पसरली त्यात या भट्टीचा वाटा फार मोठा आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

तरी क्राफ्टमध्ये दोन उणिवा राहिल्याच. एक म्हणजे वास. गंधकामुळे सडक्या अंड्यांसारखा वास गिरणीच्या आसपास येतो. दुसरी म्हणजे लिग्निन जळून जातं. आणि लिग्निन हा काही फक्त कचरा नव्हे. आइस्क्रीममधल्या व्हॅनिलाचा सुगंध ज्या व्हॅनिलिनमुळे येतो, ते १९३० च्या दशकात अमेरिकेत कागद गिरणीच्या सांडपाण्यातल्या लिग्निनपासून बनवू लागले. नॉर्वेत आजही स्प्रूसच्या लाकडापासून ते बनतं. जुन्या पुस्तकांना जो किंचित गोडसर वास येतो, त्याचंही मूळ काही अंशी इथेच आहे.

आता मिठाकडे येऊ. वसई-पालघरच्या किनाऱ्यावर मिठागरं आहेत, त्यामुळे मीठ आपल्याला परकं नाही. मीठ पाण्यात विरघळतं हे सगळ्यांना माहीत. पण पाण्याशिवाय नुसतं मीठ पातळ करायचं असेल, तर ते ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं. कारण मिठात एक धन भाराचा कण आणि एक ऋण भाराचा कण विटांसारखे नीट रचलेले असतात. सारख्या आकाराच्या विटांची भिंत पक्की होते. पण विटांऐवजी वेडेवाकडे, लहान-मोठे दगड दिले तर? रचना जमत नाही, सगळं ढासळतं. रसायनात असे बेढब कण घेतले की त्यांचं मीठ साध्या उन्हाळ्याच्या तापमानालाही द्रवच राहतं. त्यात पाणी नसतं, तरी ते बाटलीतून ओतता येतं. यालाच आयनिक द्रव म्हणतात.

असं पहिलं ठळक उदाहरण १९१४ सालचं. रिगामध्ये काम केलेले पाउल वाल्डेन यांनी एथिलअमोनियम नायट्रेट नावाचं मीठ तयार केलं, ते १२ अंशांनाच वितळत होतं. त्या वर्षी महायुद्ध सुरू झालं, आणि या गोष्टीकडे फारसं कोणी पाहिलं नाही. १९३४ मध्ये बासलच्या एका रसायन कंपनीतले चार्ल्स ग्रेनाखर यांना अशाच जातीच्या वितळलेल्या मिठात सेल्युलोज विरघळवण्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. तेही कागदावरच राहिलं. पुढे अमेरिकेच्या वायुदलाच्या प्रबोधिनीत बॅटऱ्यांसाठी अशा मिठांवर काम चाललं होतं. तिथल्या विल्क्स आणि झावोरोत्को यांनी १९९२ मध्ये हवेत आणि पाण्यात न बिघडणारे आयनिक द्रव तयार केले. २००२ मध्ये अलाबामा विद्यापीठात रॉबिन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा द्रवात सेल्युलोज सरळ विरघळवून दाखवलं. तिथून जगभरच्या प्रयोगशाळा या कामाला लागल्या. काहींना सेल्युलोज विरघळवायचं होतं. काहींना उलट, फक्त लिग्निन विरघळवून सेल्युलोज मोकळं करायचं होतं.

दुसऱ्या गटातलं एक काम लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचं. २०१७ मध्ये तिथल्या संशोधकांनी एक स्वस्त आयनिक द्रव वापरून मिस्कँथस नावाच्या उंच गवतातलं सुमारे ८५ टक्के लिग्निन विरघळवून काढल्याचं प्रसिद्ध केलं. गवत या द्रवात घालून १२० अंशांना तापवायचं. लिग्निन द्रवात उतरतं, सेल्युलोजचा लगदा घन राहतो. लगदा गाळून घ्यायचा. मग गाळलेल्या द्रवात पाणी ओतायचं, की लिग्निन तपकिरी भुकटीसारखं तळाशी बसतं. शेवटी पाणी आटवून द्रव परत वापरायचा. हा द्रव बनतो ट्रायएथिलअमाइन आणि सल्फ्युरिक अॅसिड यांच्यापासून, आणि मोठ्या प्रमाणावर केला तर त्याची किंमत किलोला डॉलर-सव्वा डॉलरच्या आसपास येईल असा अंदाज आहे. ही दोन नावं ऐकून भाचा हसला. "मामू, औषधांच्या कारखान्यांना ही दोन्ही नावं रोजच्या ओळखीची," तो म्हणाला.

आपल्याकडेही हे काम झालं आहे. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, जुने लोक जिला अजून यूडीसीटी म्हणतात, ती १९३३ सालची. तिथे प्रा. विलास गायकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या चिपाडातलं लिग्निन काढण्यासाठी हायड्रोट्रोप नावाच्या क्षारांचं पाणी वापरलं. हे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. हा आयनिक द्रव नव्हे, पण त्याच्या शेजारच्या गल्लीतला मार्ग आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. परेश ढेपे आणि त्यांच्या विद्यार्थ्याने २०१६ मध्ये आम्लधर्मी आयनिक द्रवाच्या मदतीने, १२० अंशांना आणि साध्या दाबाखाली, लिग्निनचे लहान लहान सुगंधी रेणू करून दाखवले. भाताच्या तुसातून लिग्निन वेगळं करण्यावरही त्यांनी काम केलं आहे.

या सगळ्याचा आपल्या जिल्ह्याशी संबंध काय, असं कोणी विचारेल. पालघर हा भाताचा जिल्हा. वाडा कोलमचं नाव तुम्ही ऐकलं असेल. भात म्हटलं की पेंढा आला, तूस आला. पेंढा गुरांना जातो, तूस वीटभट्टीत जातो, आणि उन्हाळ्याच्या शेवटी शेताशेतांतून राब भाजला जातो, त्यात पालापाचोळा आणि झाडांचं कवळ जळतं. पेंढ्यातलं लिग्निन दूर केलं, की उरलेल्या सेल्युलोजची साखर आणि साखरेचं इथेनॉल करता येतं. १० ऑगस्ट २०२२ रोजी हरयाणात पानिपतला असा मोठा प्रकल्प देशाला अर्पण झाला, वर्षाला २ लाख टन पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल करण्याच्या क्षमतेचा. त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. तिथे आयनिक द्रव वापरत नाहीत. तो अजून प्रयोगशाळा आणि छोट्या चाचणी प्रकल्पांच्या टप्प्यावरच आहे. पण उद्या तो कारखान्यात उतरला, तर तो बोईसरसारख्या ठिकाणीच उतरेल. रसायनं हाताळणारे हात तिथे आहेत, आणि पेंढा पिकवणारी शेतं हाकेच्या अंतरावर.

म्हणूनच मला बोईसरच्या बाजूने एक प्रश्न विचारावासा वाटतो.

आयनिक द्रवाची मोठी स्तुती अशी, की तो उडून जात नाही. बोईसरला द्रावक म्हणजे काय हे नाकाला माहीत आहे. ज्याला सगळे 'सॉल्व्हंट' म्हणतात, त्याचा दर्प रात्रीच्या हवेत उतरला की लोक खिडक्या लावून घेतात. जे द्रावक हवेत उडत नाही, भडकत नाही, ज्याला वास जवळजवळ नाही, ते अशा गावाला वरदानच वाटेल. त्याला 'हरित द्रावक' म्हणायची पद्धत पडली ती यामुळेच.

पण जे हवेत जात नाही आणि परतही घेतलं जात नाही, ते जाईल कुठे? पाण्यात. आणि पाण्यातल्या वास नसलेल्या क्षाराची वर्दी नाक देत नाही. २००६ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी झेब्राफिश नावाच्या छोट्या माशांवर काही आयनिक द्रव तपासले. बरेचसे निरुपद्रवी ठरले, पण काही मात्र नेहमीच्या द्रावकांपेक्षाही जास्त विषारी निघाले. म्हणजे 'आयनिक द्रव' या नावावरून तो चांगला की वाईट हे ठरत नाही. कुठला, किती, आणि परत किती आला, यावरून ठरतं.

आता परत येण्याचा हिशेब पाहू. लंडनच्या त्या प्रयोगात द्रव चार वेळा पुन्हा वापरला आणि दर वेळी सुमारे ९९ टक्के परत मिळाला. ऐकायला फारच छान. पण आपण धरून चालू की एक टन पेंढ्याला दहा टन द्रव लागला आणि त्यातला एक टक्का हरवला. एक टक्का म्हणजे शंभर किलो. दर टन पेंढ्यामागे शंभर किलो! शंभर वेळा वापरल्यावर पहिल्या द्रवापैकी जेमतेम ३७ टक्के शिल्लक राहील. तेव्हा प्रयोगशाळेत ९९ म्हणजे पहिला नंबर असला, तरी कारखान्यात तेवढ्यावर भागत नाही. शिवाय लिग्निन खाली बसवायला ओतलेलं पाणी आटवायला इंधन लागतं. ते इंधन वाचवायचा मोह झाला, तर पाण्याबरोबर द्रवही सोडून दिला जाईल.

हे मी कल्पनेने बोलत नाही. तारापूरने हे पाहिलं आहे. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरच्या औद्योगिक क्षेत्रांची मोजणी केली, त्यात तारापूरचा गुणांक ९३.६९ होता, देशात सर्वांत वाईट. त्याआधीच नवापूर, दांडी, मुरबे, सातपाटीच्या बाजूचे मच्छीमार खाडीतल्या माशांबद्दल तक्रारी करत होते. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरांहून अधिक उद्योगांना आणि सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला भरपाई भरायला सांगितली. त्या खटल्यात आयनिक द्रव कुठेच नव्हता. पण वापरलेलं द्रावण शेवटी कुठे जातं, हाच त्या खटल्याचा मुद्दा होता.

आता टॉमलिन्सन यांच्या भट्टीकडे परत येतो. लिग्निन विरघळवणारी रसायनं दीडशे वर्षांत पुष्कळ सापडली. त्यांतली जी टिकली, ती नुसती लिग्निन चांगलं विरघळवत होती म्हणून टिकली नाही. काळं पाणी परत फिरवता आलं म्हणून क्राफ्ट टिकली. कागज्यांचं तंत्रही पुष्कळ अंशी याच जातीचं होतं. दुसऱ्यांनी टाकलेलं जाळं, गोणपाट, दोर ते कामाला आणत. त्यांचा चुना नदीतच जाई हे खरं, पण त्यांचा माल थोडा होता आणि नदी मोठी होती. आज माल मोठा आहे आणि आपल्या खाड्या लहान आहेत.

तेव्हा उद्या आपल्या भागात कोणी पेंढ्यापासून इथेनॉल किंवा लिग्निनपासून सुगंधी रसायन करण्याचा प्रकल्प घेऊन आला, तर त्याचं स्वागत करावं, असं मला मनापासून वाटतं. शेतकऱ्याला पेंढ्याचे चार पैसे जास्त मिळतील, मुलांना काम मिळेल. फक्त जनसुनावणीत कोणीतरी उठून एक साधा प्रश्न विचारावा. तुमचा द्रव टनामागे किती किलो परत येत नाही, आणि तो जातो कुठे? हा प्रश्न विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. माझ्यासारख्या बी. ए. वाल्यालाही तो जमेल, आणि मुरब्याच्या कोळणीला तर माझ्याहून चांगला जमेल.

भाच्याला मी हे सगळं वाचून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मामू, आमच्याकडेही नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आत किती घातलं ते लिही, बाहेर किती आलं ते लिही. दोन्ही आकडे जुळेपर्यंत घरी जायचं नाही."

माझं मोडलेलं कात्रण त्याने दोन काचांच्या मध्ये ठेवून दिलं आहे. उन्हापासून लांब ठेवा, असंही बजावलं आहे. तुमच्या हातातला हा कागदही बहुधा त्याच जातीचा. जपायचा असेल, तर तुम्हीही उन्हात ठेवू नका.